किल्ली नसलेलं कपाट

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं एखादं कपाट आहे का, ज्याची किल्ली तुमच्याकडे नाही? लगेच "छे, छे!" म्हणू नका. मीही तसंच म्हटलं असतं. छत्तीस वर्षांचा माझा संसार. मेथ्यांचा डबा कुठला, सासूबाईंचा शालू कुठल्या ट्रंकेत, लाइटबिलाची पावती कुठल्या खिळ्याला, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. आणि तरीही माझ्याच घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली असं एक कपाट होतं. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ पुसत होते, पण ते उघडायचं कसं हे काही मला ठाऊक नव्हतं.

ते कपाट म्हणजे आमचा कॉम्प्युटर.

जुलै २०२३ मधली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कागद बघितले आणि लगेच अँजिओप्लास्टी करायला हवी म्हणून सांगितलं. मी मान डोलवली, सह्या केल्या. मग काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "विम्याची पॉलिसी आहे का? नंबर सांगा."

पॉलिसी होती. पण आदल्याच महिन्यात ह्यांनी कंपनी बदलली होती. पाकिटातलं जुनं कार्ड काही कामाचं नव्हतं आणि नवे कागद म्हणे कॉम्प्युटरमध्ये. ह्यांचा फोन उघडतो तो ह्यांच्या अंगठ्यानं, आणि हे तर आत. शेवटी भाऊंना दवाखान्यात बसवून मी रिक्षानं घरी आले आणि बंगळूरला मुलाला फोन लावला.

"आई, घाबरू नकोस. पीसी सुरू केलास ना? आता डेस्कटॉपवर बघ. 'पॉलिसी' नावाचा फोल्डर आहे."

डेस्क म्हणजे टेबल आणि टॉप म्हणजे वरची बाजू, एवढं इंग्रजी मला येतं. मी टेबलावर बघितलं. टेबलक्लॉथ उचलून बघितला. खाली खरंच एक निळा, पुठ्ठ्याचा फोल्डर होता! "सापडला रे!" म्हणून मी ओरडले. उघडला तर आत पाणीपट्टीच्या पावत्या.

"अगं आई, तो नव्हे. स्क्रीनवर. पिवळ्या आयकॉनवर डबल क्लिक कर."

आयकॉन म्हणजे काय ते मी विचारलं नाही. वेळ कुठं होता? मी काहीतरी दाबलं. भलतंच काही उघडलं आणि सगळा पडदा झाकून गेला. मी घाबरून खालच्या डब्याचं बटण धरून ठेवलं. पडदा काळा झाला. फोनवर मुलगा क्षणभर गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "राहू दे आई. राहू दे."

तो रागावला असता तर परवडलं असतं.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली कॉलेजातली मुलगी धावत खाली आली. "काकू, जरा सरा," म्हणाली आणि दोन मिनिटांत पॉलिसी माझ्या फोनवर पाठवली. पण तोवर पाऊण तास गेला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांना आत नेलं होतं. भाऊ म्हणाले, "वहिनी, नेताना ते सारखे दाराकडे बघत होते."

देवाच्या दयेनं सगळं नीट पार पडलं. चौथ्या दिवशी हे घरी आले, पथ्यपाण्याला लागले, आता रोज दोन मैल फिरून येतात. पण ह्यांच्या उशाशी असायला हवं होतं त्या पाऊण तासात मी टेबलक्लॉथ उचलून बघत होते, ही टोचणी काही जाईना. मी ठरवलं, हे कपाट उघडायला शिकायचंच.

वरच्या मुलीचं एमएस-सीआयटी झालेलं. रोज दुपारी भांडी आवरली की ती अर्धा तास यायची. चहा आणि एक लाडू, ही तिची फी! पहिल्याच दिवशी मी तिला माझी फजिती सांगितली, तर ती हसली नाही. म्हणाली, "काकू, तुमचं फारसं चुकलं नव्हतं. तो शब्द टेबलावरूनच आलाय."

आणि खरंच तसं आहे, मैत्रिणींनो. १९८१ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीनं 'स्टार' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला बिचकायला होऊ नये, म्हणून त्याच्या पडद्यावर त्यांनी ऑफिसातल्या टेबलाचंच चित्र मांडलं: कागद, फोल्डर, कप्पे, टपालाची तबकं. तेव्हापासून पडद्याला 'डेस्कटॉप' म्हणजे टेबलाचा वरचा भाग म्हणू लागले. टेबलावर बसवायच्या कॉम्प्युटरलाही 'डेस्कटॉप'च म्हणतात, म्हणून नवख्या माणसाचा आणखी गोंधळ होतो. हे सगळे शब्द साहेबाच्या ऑफिसातून आले, त्यामुळे आपल्याला परके वाटतात इतकंच. एखाद्या गृहिणीनं ते केले असते तर डेस्कटॉपला ओटा म्हटलं असतं आणि फोल्डरला डबा! मी मनातल्या मनात तेच केलं आणि मग शिकणं सोपं झालं. माझ्या वहीतली ती उजळणी आज तुमच्यापुढं ठेवते.

पडद्यावरच्या छोट्या चित्राला आयकॉन म्हणतात. डब्यावर आपण 'रवा', 'साबुदाणा' अशा चिठ्ठ्या चिकटवतो ना, तशीच ही चिठ्ठी. एकदा दाबलं की ते निवडलं जातं, पटकन दोनदा दाबलं की उघडतं. त्या पहाटे मी एकदा दाबून वाट बघत बसले होते, तेव्हा फोल्डर कसा उघडणार? ज्यानं दाबायचं तो माउस. डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकानं तो १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लोकांना पहिल्यांदा दाखवला. त्याचा पहिला नमुना चक्क लाकडी होता आणि शेपटीसारख्या वायरमुळं त्याला उंदराचं नाव पडलं. माउसचं डावं बटण रोजच्या कामाचं. उजवं दाबलं की त्या वस्तूचं काय काय करता येईल याची यादीच समोर येते. अडलं की उजवं बटण, हे ध्यानात ठेवा.

फाइल म्हणजे एक जिन्नस: एक पत्र, एक फोटो, एक हिशेबाचा तक्ता. फोल्डर म्हणजे असे जिन्नस ठेवायचा डबा. डब्यात लहान डबी ठेवता येते, तसा फोल्डरात फोल्डर ठेवता येतो. फाइलच्या नावापुढं टिंब देऊन दोन-चार अक्षरं लिहिलेली असतात, ती जिन्नसाची जात. पीडीएफ म्हणजे छापल्यासारखा पक्का कागद. पॉलिसी, बिलं बहुधा अशीच येतात. जेपीजी म्हणजे फोटो. आणि ईएक्सई असेल तर ती उघडल्यावर काम सुरू करणारी फाइल, म्हणजे प्रोग्राम. अनोळखी माणसाकडून आलेली अशी फाइल कधीच उघडू नका. अनोळखी बाईनं दिलेला प्रसाद आपण मुलांना लगेच खाऊ घालतो का?

उघडलेली प्रत्येक गोष्ट एका चौकटीत दिसते, ती विंडो. तिच्या उजव्या कोपऱ्यात वर तीन खुणा असतात. आडवी रेघ दाबली की चौकट खाली जाऊन बसते, पण बंद होत नाही. चौकोनानं ती पडदाभर होते आणि फुलीनं बंद होते. माझा पडदा झाकला गेला होता तेव्हा फुली दाबली असती तरी काम झालं असतं. सगळा कॉम्प्युटर बंद करायची काही गरज नव्हती. अगदी तळाशी जी पट्टी असते ती टास्कबार. काय काय उघडं आहे ते तिथं दिसतं. तिच्यावरच चार चौकटींचं स्टार्टचं बटण. ते दाबून फाइलचं नाव लिहायला लागलं की कॉम्प्युटर स्वतःच शोधायला लागतो. म्हणजे फोल्डर कुठं आहे हे माहीत नसतानाही त्या पहाटे नुसतं 'पॉलिसी' एवढं लिहून काम झालं असतं. हे कळलं त्या दिवशी मला हसावं की रडावं समजेना.

आता सगळ्यांत महत्त्वाचा धडा, आणि तोही मी ठेच लागूनच शिकले. सासूबाईंच्या मसाल्यांची वही फाटत चाललेली. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यावी. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतो. त्यातल्या इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, अशी छान विभागणी केलेली आहे. एका दुपारी दोन तास बसून मी गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ सगळं टिपलं. पडद्यावर अक्षरं कशी मोत्यासारखी दिसत होती. आणि लाइट गेले. परत आले तेव्हा पान कोरं!

मुलीनं समजावलं. कॉम्प्युटरला दोन जागा असतात. एक रॅम, म्हणजे आपला ओटा. चालू काम ओट्यावर होतं. दुसरी डिस्क, म्हणजे कोठीची खोली. तिथं ठेवलेलं लाइट गेले तरी राहतं. ओट्यावरचं मात्र वीज गेली की पुसलं जातं. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं उचलून कोठीत ठेवणं. कंट्रोल लिहिलेली कळ धरून एस दाबलं की झालं. आता दर दोन-चार ओळींनी माझी बोटं आपोआप तिकडं जातात, उतू जाण्याआधी दुधाखालचा गॅस बारीक करावा तशी.

आमच्या कॉम्प्युटरला रॅम ८ जीबी आणि डिस्क ५१२ जीबी. जीबी म्हणजे काय? बाइट हे अगदी लहान माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या 'क'ला बहुतेक ठिकाणी तीन. साधारण हजार बाइटांचा केबी, दहा लाखांचा एमबी, शंभर कोटींचा जीबी. ग्रॅम, किलो, क्विंटल म्हणा ना! ओटा कोठीहून लहान असणारच. त्यामुळंच एका वेळी पंधरा चौकटी उघडल्या की कॉम्प्युटर अडकतो, त्याला 'हँग झाला' म्हणतात. सणाच्या दिवशी ओट्यावर पळी ठेवायला जागा नसते, तसं. अशा वेळी लागेल तेवढं ठेवून बाकीचं बंद करायचं. तरीही हलला नाही तर स्टार्टमधून रीस्टार्ट. बटण दाबून धरणं हा अगदी शेवटचा उपाय.

कॉपी, कट आणि पेस्ट हेही ऑफिसातलेच शब्द. पूर्वी मजकूर कात्रीनं कापून डिंकानं दुसरीकडं चिकटवत. त्यावरून १९७० च्या दशकात झेरॉक्सच्याच संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी ही सोय कॉम्प्युटरमध्ये आणली. कॉपी केलं तर मूळ जागच्या जागी राहतं, कट केलं तर तिथून निघतं. नवशिक्यांनी कॉपीच करावं हे बरं. आणि चुकलंच तर कंट्रोल धरून झेड दाबायचं, मघाचं परत येतं. मिठाच्या बाबतीत अशी सोय असती तर काय हवं होतं!

नको ती फाइल डिलीट केली की ती बहुधा रीसायकल बिनमध्ये, म्हणजे केराच्या टोपलीत जाते. विंडोजमध्ये ही टोपली १९९५ साली आली. टोपली रिकामी करेपर्यंत फाइल परत काढता येते. मात्र पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तर ती टोपलीत जात नाही. तिथं हात जपून.

इंटरनेट आणि ब्राउझर एकच, असं मला वाटायचं. इंटरनेट म्हणजे गावभरचे रस्ते. त्यावरून फिरवणारी रिक्षा म्हणजे ब्राउझर. क्रोम, एज, फायरफॉक्स ही रिक्षांची नावं. बाहेरून काही घरात आणलं की ते डाउनलोड. ते कुठं गेलं म्हणून शोधत बसू नका, बहुधा 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरातच पडलेलं असतं. बाजारातून आलेली पिशवी दारातच टेकवावी तसं ते तिथं राहतं. वेळच्या वेळी उचलून योग्य डब्यात भरायचं.

अपडेट म्हणजे घराची डागडुजी. ती टाळू नये. विंडोज १० ला कंपनीचं नेहमीचं पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलं. तुमच्याकडे तेच असेल तर मुलांना किंवा जाणकाराला विचारून पुढचं काय करायचं ते ठरवा. आणि कधी पडद्यावर मोठ्ठी लाल चौकट येऊन "व्हायरस आला, या नंबरावर फोन करा" म्हणाली, तर मुळीच करू नका. चौकट बंद करा, होत नसेल तर कॉम्प्युटर बंद करा. कुणाच्या सांगण्यावरून काही डाउनलोड करू नका, ओटीपी तर सख्ख्या भावालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. हा फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा सरकारी नंबर आहे.

एवढं शिकून झाल्यावर एके दिवशी मी ह्यांना म्हटलं, "अहो, इतकी वर्षं तुम्ही मला हे कधी दाखवलं नाहीत."

हे म्हणाले, "अगं, तू कधी विचारलं नाहीस."

दोघांचंही खरं होतं. ह्यांना तरी जिरं कुठल्या डब्यात आहे हे कुठं ठाऊक होतं? मग एका रविवारी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढं बसलो. डेस्कटॉपवर एक फोल्डर केला, त्याला मराठीत नाव दिलं 'घराचे कागद'. विमा, बँक, घरपट्टी, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळ्यांच्या वेगवेगळ्या डब्या केल्या. त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन लोखंडी कपाटात ठेवली. दर महिन्याच्या एक तारखेला ती नवी करतो. याला बॅकअप म्हणतात. पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत दोघांच्या फोनमध्ये आणि एक कागदावर. पासवर्ड मात्र कॉम्प्युटरमध्ये उघडे लिहून ठेवले नाहीत. ते एका छोट्या वहीत आहेत, आणि वही कुलपात. किल्ली कुठं आहे ते दोघांना माहीत आहे.

गेल्या दिवाळीआधी मुलाचा फोन आला. त्याला जन्मदाखल्याची प्रत घाईनं हवी होती. "बाबा आहेत का?" त्यानं विचारलं. हे फिरायला गेले होते. "बरं, राहू दे मग, रात्री करतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "राहू दे कशाला? डेस्कटॉपवर आहे. थांब, पाठवते." पीठ मळलेले हात धुतले, फोल्डर उघडला, फाइल पाठवली. पलीकडं तो गप्पच होता. मग म्हणाला, "मिळाली गं आई." एवढंच. पण त्या आवाजात त्या पहाटेचं काहीतरी फिटलं.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाच मिनिटं काढा. घरातल्या माणसाला म्हणा, "अहो, आपल्या विम्याचा कागद कुठं आहे तो मला दाखवा, आणि माउस माझ्या हातात द्या." त्यांनी भराभरा करून दाखवलं तर ऐकू नका. तुम्ही स्वतः उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. घर तुमचं आहे. त्यातल्या एकाही कपाटाची किल्ली तुमच्याकडे नाही, असं होऊ देऊ नका.